ब्रेक लायनिंग बसवताना : जुन्या गाडीच्या ड्रम ब्रेकचा एक धडा

‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या पेपरात ड्रम ब्रेकचे गणित आठ-दहा मार्कांना हमखास येते. आपण सूत्र पाठ करतो, आकडे घालतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि मोकळे होतो. पण तेच सूत्र एखाद्या जुन्या गाडीच्या चाकात कसे वागते आणि ते विसरून लायनिंग बसवले तर काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. मेकॅनिकलवाल्यांसाठी ही उजळणी समजा. बाकीच्यांनी गणिताचा भाग चहा घेत वाचला तरी चालेल, पण धुळीबद्दल जे लिहिले आहे ते मात्र सगळ्यांनी वाचाच.

कोणती गाडी?

उदाहरणाला आपल्या ओळखीची गाडी घेऊ – प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तीच पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर हीच गाडी येते. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून बाद झाली. आता ज्या उरल्यात त्या हौशी लोकांकडे, घरोघरच्या शेडमध्ये आणि एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या अँबॅसडरलाही तसेच. आजच्या गाडीत पुढे डिस्क असते. पॅड झिजले की नवे पॅड सरकवायचे, अर्ध्या तासात काम खलास. ड्रम ब्रेकचे तसे नाही. जुन्या गाडीचे तयार शू नेहमी मिळत नाहीत. तेव्हा जुनाच शू साफ करून त्यावर नवे लायनिंग रिव्हेटने किंवा चिकटवून बसवावे लागते. हे काम हाताचे, आणि चूकही हाताचीच.

लायनिंग म्हणजे नेमके काय?

चाकाबरोबर फिरणारे बिडाचे भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत, फिरता न येणाऱ्या बॅकप्लेटवर अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडरचे पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि शूवरचे लायनिंग ड्रमच्या आतल्या बाजूला घासते. पेडल सोडले की स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात.

लुई रेनॉने १९०२ च्या सुमारास मोटारीसाठी असा ड्रम ब्रेक आणला. घर्षणाच्या लायनिंगची गोष्ट त्याहून थोडी जुनी आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी पदार्थ बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक ‘ई’ मिसळून, उलटापालट करून जे नाव तयार झाले ते ‘फेरोडो’. हे नाव आजही स्पेअर पार्टच्या दुकानात दिसते. लायनिंगसाठी पुढे उष्णता सोसणारा ॲस्बेस्टॉसचा धागा वापरात आला आणि कित्येक दशके तोच राहिला. त्याचे परिणाम पुढे पाहू.

थोडे गणित (घाबरू नका!)

आकडे सोपे घेऊ. २५० मिमी व्यासाचा ड्रम. शूचा खालचा टोक-बिंदू (पिव्हट) केंद्राच्या १०० मिमी खाली. पिस्टनचा जोर ‘प’ पिव्हटपासून २०० मिमी उंचीवर लागतो. सगळे लायनिंग एकाच ठिकाणी, शूच्या मध्यावर टेकते असे धरू. तिथला लंब दाब ‘न’ आणि घर्षणांक ‘घ’. लंब दाबाचे पिव्हटपासूनचे अंतर १०० मिमी आणि घर्षणबलाचेही १०० मिमी.

आता एका शूच्या बाबतीत ड्रमचे घर्षण शूला ड्रमच्या दिशेने आणखी आत ओढते. हा लीडिंग शू. पिव्हटभोवती मोमेंट घेतले तर :

२०० प + १०० घन = १०० न
म्हणजे न = २प ÷ (१ − घ)

दुसऱ्या शूला घर्षण ड्रमपासून दूर ढकलते. हा ट्रेलिंग शू :

न = २प ÷ (१ + घ)

घर्षणांक ०.३५ धरा. लीडिंग शूचे घर्षणबल येते १.०८ प आणि ट्रेलिंगचे ०.५२ प. म्हणजे पिस्टनचा जोर तोच, लायनिंग तेच, पण लीडिंग शू दुपटीहून जास्त काम करतो. ड्रम ब्रेक स्वतःच स्वतःला मदत करतो, म्हणून बूस्टर नसतानाही त्या काळच्या गाड्या पायाच्या जोरावर थांबत. इथपर्यंत पुस्तकात आहे.

पुढचे बघा. घर्षणांक ०.३५ च्या ऐवजी ०.४० झाला तर लीडिंग शूचे बल होते १.३३ प. ०.३० झाला तर ०.८६ प. आता समजा डाव्या चाकाला ०.४० चे लायनिंग लागले आणि उजव्याला दुसऱ्या कंपनीचे, ०.३० चे. लायनिंगमध्ये फरक ३३ टक्क्यांचा, पण लीडिंग शूच्या ब्रेकमध्ये फरक ५६ टक्क्यांचा! डिस्क ब्रेकमध्ये ३३ चा फरक ३३ च राहिला असता. ड्रम ब्रेक मदत जशी वाढवून देतो तशी चूकही वाढवून देतो. पावसाळी रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की ही गाडी डावीकडे ओढणार, आणि डावीकडे कोण चालत असेल ते आपल्या हातात नाही.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी याच एका कारणासाठी आहे : एका ॲक्सलवरची दोन्ही चाके अगदी सारखी वागली पाहिजेत. म्हणून लायनिंग नेहमी जोडीने बदलायचे, एकाच कंपनीचे, एकाच ग्रेडचे. ‘डावे चांगले आहे, उजवेच बदलू’ हा हिशोब इथे चालत नाही.

आधी धूळ, मग पान्हा

ड्रम उघडला की आत काळपट भुकटी दिसते. गॅरेजमध्ये पुष्कळदा तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारतात, एक ढग उठतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. हे करू नका. जुन्या गाडीचे लायनिंग ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी असते आणि नुसते बघून ते ओळखता येत नाही. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तो दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षे लागतात. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती लागू झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ड्रम उघडणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून : ड्रम आणि शू आधी पाण्याने (थोडा साबण घालून) ओले करा, ओल्या फडक्याने पुसा, फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका. बारीक कणांसाठीचा मास्क घाला. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. जुन्या लायनिंगला कानस किंवा ग्राइंडर लावू नका. ते कपडे होस्टेलच्या खोलीत आणून झटकू नका. रूम पार्टनरचा काही दोष नसतो. नवे लायनिंग घेताना ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ लिहिलेलेच घ्या.

आणि हो, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचे नाही. खाली स्टँड, बाकीच्या चाकांना ठोकळे.

जुने काढणे

शू काढण्याआधी फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, लांब टोक कुठे, हे तासाभराने कोणालाच आठवत नाही. एका वेळी एकच बाजू उघडली तर दुसरी बाजू नमुना म्हणून राहते.

जुने रिव्हेट छिन्नीने उडवायचा मोह होतो. त्याने शूची भोके ओबडधोबड होतात आणि नवा रिव्हेट त्यात सैल बसतो. वळवलेल्या बाजूने ड्रिल लावा, वळलेली कड गेली की पंचने हलका ठोका द्या, रिव्हेट खाली पडतो.

रिकामा शू नीट तपासा. भोके गोल आहेत का? वेल्डला तडा आहे का? शू सपाट काचेवर आडवा ठेवून बघा, पिळलेला आहे का? ज्या पृष्ठावर लायनिंग बसते तिथला गंज वायर ब्रशने काढा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी लायनिंग त्यावर तरंगत राहते.

ड्रमही बघा. ओरखडे खोल असतील किंवा ड्रम लंबवर्तुळाकार झाला असेल तर लेथवर टर्निंग करावे लागते. पण किती काढायचे याला मर्यादा असते. ती त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहायची, अंदाजाने नाही. ड्रम पातळ झाला की लवकर तापतो आणि दाबाखाली फाकतो. एका बाजूचा ड्रम टर्न केला तर दुसऱ्या बाजूचाही त्याच मापाला आणा. कारण वर सांगितलेच आहे.

लायनिंगवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल सांडलेले दिसले तर आधी गळती शोधा. हब सील किंवा व्हील सिलिंडरचे रबर गेलेले असते. ते न बदलता नवे लायनिंग लावणे म्हणजे गळक्या छपराखाली गादी घालणे. तेल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन वापरू नका. तेल आत मुरलेले असते आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येते.

रिव्हेट मारणे

लायनिंगचे रिव्हेट पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियमचे, टोकाला पोकळ असतात. मऊ धातू मुद्दाम. लायनिंग झिजून रिव्हेट चुकून उघडा पडलाच तर ड्रमचे नुकसान कमी व्हावे.

लायनिंगमध्ये रिव्हेटचे डोके खोल बसावे म्हणून खाच असते. साधारणपणे ही खाच जाडीच्या दोन-तृतीयांश खोल असते. ५ मिमी लायनिंग असेल तर डोक्याखाली सुमारे १.७ मिमी माल उरतो. लांबीचा हिशोब असा : शूचा पत्रा ३ मिमी, अधिक डोक्याखालचे १.७ मिमी, अधिक वळवण्यासाठी रिव्हेटच्या व्यासाच्या अर्धा ते पाऊणपट. ४ मिमी व्यासाला साधारण २.५ मिमी धरा. म्हणजे एकूण ७.२ मिमीच्या आसपास. रिव्हेट लांब पडला तर तो वाकडा होतो, आखूड पडला तर पकड राहत नाही.

आता क्रम :

१) लायनिंग शूवर ठेवून दोन-तीन जी-क्लॅम्पने घट्ट धरा. भोके आपोआप जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर लायनिंग चुकीचे आहे. भोके मोठी करू नका.

२) व्हाइसमध्ये रिव्हेटच्या डोक्याच्या मापाचा सपाट पंच उभा धरा. रिव्हेटचे डोके त्यावर टेकवा आणि शूच्या बाजूने खास पंचने कड वळवा. डोके टेकलेले नसताना ठोकले तर लायनिंगच फुटते.

३) सुरुवात मध्यापासून. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे टोकांकडे जा. टोकांपासून सुरू केले तर मधे फुगा राहतो. वधस्तंभासारखा एकच जोरदार घाव नको, चार हलके घाव बरे.

४) झाल्यावर लायनिंग आणि शू यांच्यामध्ये फीलर गेजचे सर्वांत पातळ पाते घालून बघा. कुठेही शिरता कामा नये. फट असेल तर पेडल स्पंजासारखे लागते आणि लायनिंगला तडे जातात. रिव्हेट बोटाने फिरत असेल तर काढून नवा मारा.

काही शूंवर लायनिंग चिकटवलेले असते. त्यात रिव्हेट नसल्यामुळे जास्त झिजेपर्यंत वापरता येते. पण तो गोंद म्हणजे आपल्या टेबलावरची ट्यूब नव्हे. तो उष्णतेने पक्का होणारा रेझिन असतो. पट्ट्याने सगळीकडे सारखा दाब देऊन भट्टीत ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ ठेवावा लागतो. सोय नसेल तर हे काम लायनिंगच्या कारखान्यातूनच करून घ्या.

टाच, चवडा आणि खडू

लायनिंग घट्ट बसले म्हणजे काम झाले नाही. ते ड्रमला कुठे टेकते हा खरा प्रश्न. शूचे पिव्हटकडचे टोक म्हणजे टाच, सिलिंडरकडचे चवडा. ड्रमच्या आत खडू फासा, शू हाताने दाबून थोडा फिरवा आणि लायनिंगवरचा पांढरा डाग बघा.

डाग मध्यभागी आला तर उत्तम. लायनिंगचा वक्र ड्रमपेक्षा किंचित लहान असावा. वापरात ते घासून पुरते टेकते. डाग फक्त टाच आणि चवड्यावर आला तर मात्र धोका. अशा वेळी आपल्या गणितातली अंतरे बदलतात, शू अचानक पकडतो, आवाज करतो. टर्निंग केलेल्या ड्रममध्ये जुन्याच मापाचा शू गेला की डाग फक्त मधे छोटासा येतो आणि ब्रेक बरेच दिवस अशक्त राहतो. त्यासाठी जाड लायनिंग किंवा मापाला घासून घेतलेले लायनिंग लागते. लायनिंगच्या दोन्ही टोकांना कानशीने हलकी तिरकी धार द्या. कड टोकदार राहिली की ती ड्रमला खरवडते. घासताना नॉन-ॲस्बेस्टॉस असले तरी मास्क हवाच.

परत बसवताना

बॅकप्लेटवर शू जिथे टेकतो त्या उंचवट्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. लायनिंगला तेलकट बोट लावू नका. दोन्ही शूंचे लायनिंग वेगळ्या लांबीचे असेल तर पुढचा-मागचा अदलाबदल होऊ देऊ नका. ताणून सैल झालेल्या स्प्रिंगा बदला, त्या महाग नसतात.

ड्रम चढवल्यावर ॲडजस्टर फिरवून चाक जाम करा, पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतील, मग चाक मोकळे होईपर्यंत ॲडजस्टर मागे घ्या. लाइन उघडली असेल तर हवा काढा. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल कधीही नको. सगळी रबरे फुगून बसतात.

रुळवणे आणि घाट

नवे लायनिंग पहिल्या दिवशी पूर्ण टेकत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक लावा आणि मधे थंड होऊ द्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ‘होईल ठीक’ म्हणू नका. ड्रम पुन्हा उघडा.

शेवटचा हिशोब. १००० किलोची गाडी ताशी ७२ किमीवरून थांबवली की २०० किलोज्यूल उष्णता होते. प्रत्येकी ७ किलोचे चार ड्रम धरले तर तापमान साधारण १४ अंश वाढते. काहीच नाही. पण तीच गाडी घाटात ५०० मीटर खाली फक्त ब्रेकवर उतरवली तर सुमारे ४९०० किलोज्यूल. थंड व्हायला वाव नसता तर ड्रम ३५० अंशांनी तापले असते! वारा त्यातली बरीच उष्णता नेतो, पण ड्रम २०० अंशांनी तापला तरी त्याची त्रिज्या पाव मिलिमीटरहून जास्त वाढते, तो लायनिंगपासून दूर जातो आणि पेडल खाली जाऊ लागते. त्यात तापलेल्या लायनिंगचा घर्षणांकही घसरतो, आणि घ घसरला की लीडिंग शूचे काय होते ते वर पाहिलेच. म्हणून बोरघाटात जुनी माणसे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवत. त्यांनी सूत्र मांडले नव्हते, पण उत्तर बरोबर काढले होते.

आपल्यापैकी अनेकांच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकात आजही ड्रम ब्रेकच असतो. तिथे सिलिंडरऐवजी कॅम असतो, बाकी तत्त्व तेच. तेव्हा जुनी मोटार हाताशी नसली तरी सुट्टीत एकदा ते चाक उघडून बघा. लीडिंग शू कोणता ते ओळखा, लायनिंग किती उरलेय ते मोजा आणि मित्राला दाखवा. मात्र उघडण्याआधी ते ओले करा. हवा मारू नका.